नवस ठकुबाईचा, पाय नामाचा

भांडण पेटलं ते एका उकडलेल्या अंड्यावरून, आणि तेही दवाखान्यात, जिथं भिंतीभिंतीवर ‘शांतता राखा’ म्हणून लिहिलेलं असतं.

अंडं होतं सिस्टर धम्मदिनाच्या हातात. समोर खाटेवर आमचा नामादादा, डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. आणि दोघांच्या मध्ये त्याची बायको ठकुबाई, पदर कमरेला खोचून उभी.

“सिस्टर, तुना किती डाव सांगू? अंडा नको म्हंजे नको!”

“मावशी, बाजूला व्हा. बाबांना खाऊ द्या.”

“त्यांना न्हाय खावाचा.”

“मना खावाचा हाय,” मागून नामादादा बोलला.

“तुमी गप ऱ्हा!” दोघी एकदम ओरडल्या.

नामादादा गप झाला. पण त्याची नजर अंड्यावरून हलेना. शेवटी ठकुवयनीने सिस्टरच्या हातातून ते अंडं काढून घेतलं आणि बाजूच्या खाटेवरच्या निजामपुऱ्याच्या चाचाच्या ताटात नेऊन ठेवलं. हा चाचा लूमवर कामाला, लूमच्या पट्ट्यात हात सापडून आलेला. रोज नामादादाच्या वाटणीचं अंडं खाऊन त्याच्या गालावर तेज चढायला लागलं होतं.

“भाभी, अल्ला आपको खुश रखे,” चाचा म्हणाला आणि एका घासात अंडं गिळलं.

मी दारात उभा होतो. मी चिंधू, यांचा शेजारी; ठकुबाईला मी वयनी म्हणतो. वडप्याच्या अंगाला आमचा पाडा आहे, आणि माझी रिक्षा आहे. ठकुवयनीचा डबा आणि ठकुवयनी, दोन्ही रोज दवाखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे या भांडणाचा मी पहिल्यापासूनचा साक्षीदार. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा मला हक्क आहे, असं मी धरून चालतो.

नामादादाचं भातशेत बघाल तर हसाल. तिन्ही बाजूंनी गोडाऊनच्या भिंती, चौथ्या बाजूला कंटेनर वळायचा रस्ता, आणि मधे हे हिरवंगार खाचर. सगळ्यांनी जमिनी दिल्या, याने दिली नाही. “भात पत्र्यावं उगवत न्हाय,” एवढंच त्याचं म्हणणं. मुलगा विशाल शेजारच्याच गोडाऊनात शिफ्टला जातो आणि बाप त्याच भिंतीला लागून चिखलात उभा असतो.

तर आषाढात लावणी झाली आणि बांधाला चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं पाडली. खाचरातलं पाणी रात्रंदिवस वाहून जायला लागलं. चिंबोरीचं बीळ बुजवायचं म्हणजे चिखलाचा गोळा टाकायचा आणि टाचेने ठेचून बसवायचा. नामादादाने गोळा टाकला, टाच मारली, पण आतली बाई घरात होती. तिने घोट्याला असं धरलं की दादाची बोंब गोडाऊनच्या सिक्युरिटीवाल्याने ऐकली. सुटका झाली, रक्त आलं. दादाने वर हळद-चुना थापला आणि पुन्हा चिखलात उतरला. चिंबोरीच्या भीतीने घरी बसणारा माणूस तो नव्हे.

पाय सुजला. मग लाल झाला, तापला, फोड आले. पाड्यावरच्या जाणत्या राहीबाईने लिंबाचा पाला बांधायला सांगितला, कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं वारं. दादा तापात बडबडायला लागला आणि घोट्याजवळची कातडी काळी पडली, तेव्हा विशालने कोणाचं न ऐकता त्याला उचलून माझ्या रिक्षात टाकलं. दवाखान्यात बघताक्षणी डॉक्टर ओरडले, कारण मांस आतून सडत चाललं होतं आणि सड गुडघ्याकडे पळत होती. दादाच्या रक्तात साखर होती, हेही तिथंच कळलं. बापजन्मी त्याने कधी तपासलं नव्हतं. त्याच दिवशी कापाकापी झाली. मग पुन्हा झाली, मग पुन्हा. मेलेलं सगळं काढत काढत डॉक्टर निरोगी मांसापर्यंत पोचले. पाय राहिला, पण घोट्यापासून वर, पोटरीच्या बाजूने, कातडीच नाही असा.

आणि इथंच ठकुवयनीने घोळ घातला.

पहिल्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते की वेळ पडली तर पाय काढावा लागेल. ते ऐकून ही बाई तशीच्या तशी पाड्यावर आली आणि गावदेवीपुढे कपाळ टेकून बोलली, “आये, माज्या धन्याचा पाय ठेव. जखम मिटंपरेंत आमच्या घरात मासली शिजनार न्हाय, अंडामटन शिजनार न्हाय, कोनाच्या तोंडी लागनार न्हाय.” इकडे ती बोलली आणि तिकडे ऑपरेशनवाले बाहेर येऊन म्हणाले, पाय वाचलाय. आता सांगा, अशा बाईला कोण समजावणार?

सुरुवातीला श्रावण होता, त्यामुळे नवस स्वस्तात पडला. श्रावणात तसंही आमच्याकडे कोणी खात नाही. पण श्रावण सरला, आणि ठकुवयनीने नवसाला पथ्याचंही शेपूट जोडलं. डाळ वातूळ म्हणून बंद. दूध पू धरतं म्हणून बंद. भाताने तर पू होतोच, हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून भातही बंद. डब्यात काय, तर तांदळाची भाकरी आणि दुधीचं पाणी. भाताने पू होतो आणि त्याच तांदळाच्या भाकरीने होत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मी एकदा विचारलं. तिने मला रिक्षातून उतरवून पायी पाठवायची धमकी दिली, माझ्याच रिक्षातून.

नामादादाचं सांगायचं तर हा माणूस खाण्याच्या बाबतीत पाड्यावर बदनाम. मीठ एक कणी इकडेतिकडे झालं की ताट सरकवणारा. सासुरवाडीत पहिल्या सणाला कालवण आळणी म्हणून उठला होता, ती गोष्ट अजून लग्नाकार्यात निघते. असा माणूस दुधीचं पाणी पिऊन दिवसेंदिवस वाळत चालला.

अंड्याच्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टर उन्नती मॅडम आल्या. कातडी लावायचं ऑपरेशन त्यांच्याकडे होतं. पायाला तेव्हा व्हॅक्यूमचं मशीन लावलेलं असायचं, जखमेतलं घाण पाणी ओढून घेणारं. मॅडमनी मशीन काढून जखम बघितली, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि खुर्ची ओढून ठकुवयनीसमोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, बातमी बरी नाही.

“आजी, जखम आता स्वच्छ आहे. मांडीची पातळ कातडी काढून इथं लावायची. पण खालचं मांस लाल, दाणेदार भरून यायला पाहिजे. यांचं फिकट आहे. अंगात ताकदच नाही. अशा जागेवर लावलेली कातडी धरणार नाही, गळून पडेल.”

“खत न्हाय त रोप धरल कसा?” नामादादा म्हणाला. “मी त हिला कवाधरनं सांगतंय.”

“डाळ देता का?” मॅडमनी विचारलं.

“वातूल हाय.”

“दूध?”

“पू धरतो.”

“मग अंडी, मासे?”

“नवस हाय.”

“कधीपर्यंत?”

“जखम मिटंपरेंत.”

मॅडमनी रिपोर्ट मिटला. “म्हणजे खाल्ल्याशिवाय जखम मिटणार नाही आणि जखम मिटल्याशिवाय हे खाणार नाहीत.”

“तां तुमचा तुमी बगा,” ठकुवयनी म्हणाली. “तुमी शिकलेली मानसा.”

चाचा फिसकन हसला. पण मॅडम हसल्या नाहीत. “आजी, पाय असा उघडा किती दिवस ठेवायचा? उघड्या जखमेत पुन्हा इन्फेक्शन शिरलं, तर या वेळी नुसतं मांस काढून भागणार नाही. पाय जाईल. गौरीगणपती झाले की मी पुन्हा बघते. सुधारणा दिसली तर ऑपरेशन. नाही दिसली तर मला काही वेगळं बोलावं लागेल.”

परतताना रिक्षात मला माझा हॉर्न ऐकू आला. एरवी ठकुवयनीच्या बोलण्यापुढे तो ऐकू येत नाही. हायवेच्या पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं, तेव्हा मागून आवाज आला, अगदी बारीक.

“भावजी, देवीनं तिचा शबूद पाल्ला. पाय ठेवला. आता मी माजा मोडला त ती पाय नेल. आन न्हाय मोडला त डाक्टर नेल. कंचा दोर धरू मी?”

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. या बाईला हट्टी म्हणणं सोपं, पण तिच्या दोन्ही हातांत नवऱ्याचा पायच होता.

“माधवीला सांगून बगू का?” मी म्हणालो.

“ती काय करल? ती पोर हाय.”

माधवी म्हणजे यांची लेक, दापोड्याला दिलेली. तिथंच एका गोडाऊनात खोक्यांवर बारकोड चिकटवते आणि सुपरवायझरला पण दोन शब्द चिकटवायला कमी करत नाही. गौरीसाठी माहेरी येताना ती आधी दवाखान्यात आली. धम्मदिना आणि ती शाळेत एका बाकावर बसलेल्या. जिन्यात उभ्या राहून दोघींचं बराच वेळ चाललं. रिक्षावाल्याला सगळं ऐकू येतं असा लोकांचा समज आहे, पण मला एवढंच ऐकू आलं. धम्मदिना म्हणत होती, “आम्ही बुद्धाची माणसं, मला तुमच्या देवीशी बोलता येणार नाही. प्रोटीनचं मी बघते, देवीचं तू बघ.”

आता आमच्याकडची गौर कशी असते ते सांगायला हवं. मुखवटा नाही, काही नाही. ओहोळाच्या काठचा तेरडा फुलांसकट उपटून आणायचा, सुपात ठेवायचा, घरी आणून त्याला लुगडं नेसवायचं. ती गौर. घरची लेक सूप घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहते आणि घरधनीण आतून विचारते. लेक उत्तर देते, पण त्या वेळी लेक बोलत नसते, गौर बोलते. आणि दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचं ताट. गोडाच्या गौरी शहरात. आमची गौर चिंबोऱ्यांचं कालवण खाऊन जाते. नामादादाच्या घरात तर त्याच्या आज्यापासून चिंबोरीच. औंदा मात्र नवसामुळे ठकुवयनीने पुरणाची डाळ भिजत घालायचं ठरवलं होतं.

ऊन-पावसाचा खेळ चालला होता. माधवी सूप घेऊन आली, मागे पाड्यावरच्या पोरीबायका. डोक्यावरून पदर, केसांवर पावसाचे थेंब. ठकुवयनी उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी. मी अंगणात रिक्षा पुसत होतो. पावसात रिक्षा कोण पुसतो, असं विचारू नका.

“गवर आली, गवर आली!” बायका ओरडल्या.

“कोन्या पावली आली?” ठकुवयनीने विचारलं.

“सोन्याच्या पावली आली,” माधवी म्हणाली.

“काय घेवून आली?”

याचं उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ असतं. धनधान्य घेऊन आली. माधवीने श्वास घेतला.

“भूक घेवून आली.”

बायकांचा गलका तिथल्या तिथं थांबला. ठकुवयनीने मान पुढे काढली.

“काय?”

“भूक घेवून आली. वरीसभर वाट बगितली. या घरात मना चिंबोरी मिलते. औंदा काय शिजवनार हायस?”

“माये, औंदा गोडाचा हाय. पुरनपोली.”

“गोड तुज्या धन्याला चालत न्हाय. तिखट तू शिजवत न्हाय. मंग मी जेवू काय, भिंती?”

राहीबाईने ठकुवयनीला कोपराने ढोसलं. “अगो ठके, गवर उंबऱ्याव उभी हाय. बोल कायतरी!”

“माये, मी गावदेवीला नवस बोल्लेय. कशी मोडू?”

“गावदेवी माजी थोरली भयीन. तिचा माजा मी बगीन. तू कोनाच्या तोंडानं नवस बोल्लीस?”

“माज्याच.”

“मंग तुज्याच तोंडानं फेड! धन्याच्या तोंडाला कुलूप कनाला? जखम मिटंपरेंत माजा ताट रोज त्याला वाढ. तू नको खाऊ. तुजा नवस तुज्या जिभेव.”

माधवीचा आवाज ठणठणीत होता, पण मी बाजूने बघत होतो. तिने सूप छातीशी घट्ट धरलं होतं. देवीच्या नावाने बोलणं म्हणजे काही खोक्यावर बारकोड मारणं नव्हे. उद्या पायाला काही झालं असतं, तर ते तिच्या तोंडावर आलं असतं. हे तिलाही कळत होतं आणि तरी ती बोलली.

ठकुवयनीने लेकीचं तोंड नीट निरखलं. मग वाकली, तिच्या पायांवर पाणी ओतलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला.

“ये माये, आत ये,” ती म्हणाली. आणि मान न वळवता हाक मारली, “विशाल, बांधाव जा. चिंबोऱ्या बग.”

विशालने खिशातून पिशवी काढली. पिशवी आधीपासूनच खिशात होती. एवढंच सांगतो, जास्त काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी गौरीला ताट दाखवलं आणि तेच ताट डब्यात भरून आम्ही दवाखान्यात नेलं. डब्याचं झाकण उघडलं तशी सगळ्या वॉर्डाची मान वळली. धम्मदिनाने खिडकी उघडली, मग जवळ येऊन वास घेतला आणि पुन्हा बंद केली. नामादादा डब्यात बघत राहिला.

“आपल्या बांधावरची?”

“आपल्याच,” विशाल म्हणाला. “त्याच बिलातली.”

“मंग हीच ती,” दादा म्हणाला आणि पहिला डेंगा, चिंबोरीची पुढची मोठी नांगी, दाढेखाली धरून असा फोडला की चाचा दचकला.

“भाभी,” चाचा हळूच म्हणाला, “आज से हमारा अंडा बंद?”

त्या दिवसापासून ठकुवयनीच्या चुलीवर रोज काहीतरी शिजायला लागलं. आज सुकट, उद्या बोंबील, परवा कोंबडी. गौरीच्या हुकुमात भात, डाळ, दूध यांचं नाव नव्हतं, पण सिस्टरने बिनधास्त सांगितलं की ताट म्हणजे सगळं आलं. राहीबाईने त्याला मान डोलावली आणि भातही सुटला. पुरण मात्र साखरेपायी बंदच राहिलं. ठकुवयनी स्वतः मात्र चटणी-भाकरीवर. आणि ही बाई मासळीवर किती जीव टाकणारी, हे पाड्यावर कोणालाही विचारा. ओल्या बोंबलाची पाटी दारावरून गेली तर तिला हाक मारावी लागत नाही, वासावर येते. तिने स्वतःच्या हाताने रांधलं आणि तोंडाला लावलं नाही. चाखून बघायलाही नाही. वाफ तोंडावर आली तर पदर नाकाला लावायची. देवीला फसवायचं नाही म्हणजे नाही.

आता गंमत ऐका. एक दिवस मी वॉर्डात बसलो होतो आणि दादाच्या डब्यातल्या सुकटीचा एक घास उचलून तोंडात टाकला. देवा रे! खारट म्हणजे किती खारट, समुद्र परवडला. सुकट आधीच खारवलेली, वर न चाखता अंदाजाने टाकलेलं मीठ. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने चादरीखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ठकुवयनी समोरच बसली होती.

“कसा झालाय, भावजी?”

“झकास,” मी म्हणालो. दादा शांतपणे पुढचा घास घेत होता. ताट सरकवणारा हाच का तो माणूस, असं मला वाटलं.

“बाबा, तुम्ही हल्ली पाणी फार पिता,” धम्मदिना म्हणाली.

“गरमी हाय,” दादा म्हणाला. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

गणपती गेले, मॅडम पुन्हा आल्या. मशीन काढलं. मी मान फिरवली, पण मॅडमचा आवाज ऐकला. “वा! हे बघा. लाल, ओलं, दाणेदार. आता लावू.”

ऑपरेशन झालं. घोट्याजवळ शीर उघडी पडली होती, तिथं नुसती कातडी टिकणार नव्हती, म्हणून बाजूचंच मांस कातडीसकट वळवून तिच्यावर आणलं. बाकीच्या जागेवर मांडीची पातळ कातडी, मशिनातून काढून जाळीसारखी ताणलेली. घट्ट पट्टी बांधली आणि पाय अजिबात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. नामादादाला हे सगळं लगेच समजलं. भेटायला येईल त्याला तो समजावत बसायचा.

“मांडी म्हंजे आपला राब, रोपांचा वाफा. तितनं रोप काडला आन हितं लावला. फाकवून लावाचा, दाटी न्हाय करवाची. मधल्या जागा आपोआप भरतात. आन घोट्याजवल बाजूच्या खाचराचा पानी पाटासकट वलवून आनला. कल्ला?”

“दुखता का?” येणारा विचारायचा.

“पाय न्हाय दुखत. राब दुखतो! मांडी अशी बोंबलते, जशी काय त्या चिंबोरीनं तितंच धरला.”

पट्टी उघडायच्या दिवशी मात्र त्याने चादर तोंडावर ओढून घेतली होती. ठकुवयनी खिडकीकडे तोंड करून उभी, माधवी दापोड्याहून सुट्टी घेऊन आलेली, रंग उडालेली. मॅडमनी हळूहळू थर सोडवले. शेवटची जाळी उचलली आणि वाकून बघितलं.

“धरलीय,” त्या म्हणाल्या. “एक कोपरा सोडला तर सगळी धरलीय.”

ठकुवयनीने वळून पायाकडे बघितलंच नाही. लेकीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “गवरबाय, बरी बोल्लीस हां.”

परतताना रिक्षात मी न राहवून विचारलं, “वयनी, तुला तवाच कल्लंवतं? माधवीच बोलतेय म्हनून?”

“मना काय येडी समजलास?” ती म्हणाली. “माज्या पोटची पोर. तिचा आवाज मी वलकनार न्हाय? पन भावजी, नवस आपन मोडावाचा नसतो. कोनीतरी यून सोडवावा लागतो. मी वाटच बगत हुते कोन येतंय.”

मी गीअर टाकला.

तो राहिलेला कोपरा भरायला कापणी उजाडली. शेवटची खपली पडली, सिस्टरने हात लावून बघितलं आणि सांगितलं, जखम मिटली. वर तंबी दिली, पायाला रोज तेल लावायचं, लवचिक मोजा घालायचा, आणि उघड्या पायाने शेतात दिसलात तर मी स्वतः येऊन उचलून आणेन. विशालने गोडाऊनातून गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले. नामादादा ते घालून बांधावर उतरला तेव्हा भात पिवळं झालं होतं आणि भिंतीपलीकडचे हमाल काम सोडून बघत होते.

त्या दिवशी नवस फेडायचा होता. देवीला ताट चिंबोऱ्यांचंच दाखवायचं, आणि त्या मीच काढणार, हा दादाचा हट्ट. पाय बुटात सुरक्षित होता, म्हणून त्याने बिळात हात घातला. व्हायचं तेच झालं. बोंब पुन्हा सिक्युरिटीवाल्याने ऐकली.

बोटातून रक्त आलं. राहीबाई धावली. “हलद आन गो, हलद!”

“हलद कालवनात घाल!” ठकुवयनी कडाडली. “साबन आना, पानी आना! भावजी, रिक्षा काड!”

रिक्षा काढली. धम्मदिनाने बोट धुतलं, इंजेक्शन दिलं आणि कपाळाला हात लावला. चिंबोरी मात्र सुटली नाही. विशालने ती पकडून ठेवली होती.

दिवेलागणीआधी देवीला ताट दाखवून झालं. घरात पंगत बसली, मलाही पान होतं. नामादादाने कालवणातला सगळ्यात मोठा डेंगा उचलला आणि बायकोच्या ताटात ठेवला. “घे. नवस सुटला.”

ठकुवयनीने आधी रश्शात भाकरी बुडवली. घास तोंडात गेला आणि तिथंच थांबला. नैवेद्याचं ताट म्हणून आजही तिने चाखलं नव्हतं, आणि हाताला तीच सवय लागून गेली होती. तिने घास कसाबसा गिळला, तांब्या उचलला, अर्धा रिकामा केला.

“या बया! हा काय खारट! इतके दिस असाच हुता?”

मी ताटात बघितलं. माधवीने छताकडे बघितलं.

“असाच,” नामादादा म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

“आन तुमी खाल्लात? तुमी? माज्या माहेरात भरल्या ताटावरनं उठलात त्ये? एका शबदानं सांगाचा न्हाय?”

“सांगितला असता, त तू चाखून बगितला असतास,” दादा म्हणाला. “तुजा नवस मोडला असता.”

ठकुवयनी उठली, चुलीवर पाणी तापत ठेवलं आणि त्याच्या ताटातलं कालवण पुन्हा पातेल्यात ओतून घेतलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “नीट करून देते.”